डॉक्टरांचे व्यावसायिक समाधान आणि रुग्णसेवा : बालरोगतज्ज्ञांच्या अनुभवावरून एक अभ्यास

वार्षिक अहवाल हाती आला की विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक प्रथम जी पाने उघडतात ती खाटांची, तपासण्यांची, शस्त्रक्रियांची आणि जमाखर्चाची. ते योग्यच आहे. समाजाने विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब समाजाला मिळालाच पाहिजे. परंतु ज्यांच्या हातून ही सेवा घडते त्या डॉक्टरांना आपल्या कामात समाधान लाभते किंवा नाही, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. तो त्यांचा खासगी प्रश्न आहे, असे आपण सर्वजण गृहीत धरून चालतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू हे गृहीत तपासून पाहण्याचा आहे. गेल्या तीस वर्षांत या विषयाचा जगभर, विशेषतः अमेरिकेत, पद्धतशीर अभ्यास झाला. त्यातून असे दिसून आले की डॉक्टरांचे समाधान ही जितकी मनाची, तितकीच व्यवस्थेची बाब आहे. शिवाय त्याचा परिणाम रुग्णापर्यंत पोहोचतो. या अभ्यासात बालरोगतज्ज्ञांचे उदाहरण विशेष बोलके आहे, म्हणून त्यांच्यापासून आरंभ करू.

समाधानाचे मोजमाप

समाधान मोजता येते काय, हा पहिला प्रश्न. संशोधकांनी त्यासाठी साधा मार्ग निवडला : हजारो डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावयाचा, की आपण निवडलेल्या वैद्यकीय कारकिर्दीबद्दल आपण किती समाधानी आहात? आणि मग त्या उत्तरांचा संबंध वय, उत्पन्न, कामाचे तास व विशेष शाखा यांच्याशी लावून पाहावयाचा.

अमेरिकेत १९९६-९७ साली झालेल्या अशा एका पाहणीत १२,४७४ डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यांचे विश्लेषण २००२ साली प्रसिद्ध झाले. फॅमिली डॉक्टरांशी तुलना करता चार शाखांतील डॉक्टर 'अतिशय समाधानी' असण्याचे प्रमाण लक्षणीय अधिक आढळले : वृद्धांचे आजार पाहणारे, नवजात शिशूंची शुश्रूषा करणारे, त्वचारोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. त्याच पाहणीत कान-नाक-घसा, स्त्रीरोग व प्रसूती, नेत्ररोग आणि अस्थिरोग या शाखांत असमाधान अधिक दिसले.

२००४-०५ सालच्या पुढील पाहणीत ४२ शाखांतील ६,५९० डॉक्टरांचा समावेश होता. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. उत्पन्न व कामाचे तास यांतील फरक गणिताने बाजूला काढल्यावरही चित्र तेच राहिले. मुलांच्या आपत्कालीन विभागातील डॉक्टर, वृद्धरोगतज्ज्ञ, नवजात शिशुतज्ज्ञ आणि सर्वसाधारण बालरोगतज्ज्ञ वरच्या क्रमांकांवर राहिले. मेंदूचे शल्यविशारद, फुप्फुसविकार व अतिदक्षता विभागातील तज्ज्ञ आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञ खालच्या क्रमांकांवर होते.

ही परदेशातील पाहणी आहे. तेथील विमापद्धती व रुग्णालयांची रचना निराळी, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावणे उचित नाही. परंतु त्यांतील एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ व वृद्धरोगतज्ज्ञ यांचे उत्पन्न इतर बहुतेक विशेष शाखांपेक्षा कमी असते. त्यांच्या कामात मोठी शुल्के मिळवून देणाऱ्या प्रक्रिया थोड्या आणि रुग्णाशी व कुटुंबाशी बोलण्याचा वेळ अधिक. म्हणजे आयुष्याच्या आरंभाशी आणि आयुष्याच्या अखेरीशी ज्यांचा संबंध येतो, ते डॉक्टर कमी मिळकतीतही अधिक समाधानी आढळले. केवळ पैसा हेच समाधानाचे मूळ असते, तर क्रम उलटा लागला असता. त्याच वेळी त्वचारोगतज्ज्ञांचेही नाव वरच्या यादीत आहे, हे विसरता येत नाही. त्यांच्या शाखेत मध्यरात्रीचे बोलावणे क्वचित येते. तेव्हा नियमित वेळ आणि स्वस्थ झोप यांचेही मोल आहेच.

बालरोगतज्ज्ञांना काय लाभते

बालरोगाची शाखा सोपी नाही. रुग्णाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते रडण्यावरून, श्वासाच्या वेगावरून, आईच्या सांगण्यावरून ओळखावे लागते. औषधाची प्रत्येक मात्रा बाळाच्या वजनावर ठरते. एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मात्रेत दशांश चिन्ह एक घर सरकले, तर औषध दहापट होते. एका रुग्णामागे आई, वडील, आजी, मामा असे चारपाच जण चिंतेने उभे असतात आणि प्रत्येकाला उत्तर हवे असते. असे असूनही या शाखेतील डॉक्टर समाधानी राहतात, त्याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण असे की मूल लवकर आणि पूर्ण बरे होते. अतिसाराने डोळे खोल गेलेले मूल योग्य उपचारांनी काही तासांत हसू-खेळू लागते. न्यूमोनियाचे मूल बहुधा आठवड्याभरात घरी जाते. आपण केलेल्या श्रमांचे फळ डोळ्यांसमोर दिसणे, हे कोणत्याही व्यवसायात दुर्मीळ असते. डॉ. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. त्यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाण्यातील मिश्रण तोंडावाटे देण्याची व्यवस्था केली. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज घराघरांत ठाऊक असलेल्या क्षारसंजीवनीच्या प्रसारात या कामाचा मोठा वाटा आहे. २०२२ साली त्यांचे निधन झाले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

दुसरे कारण नात्याचे. जन्मानंतर सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला लसीसाठी येणारे बाळ पुढे शाळेत जाते, दहावी होते, आणि कधी स्वतःचे अपत्य घेऊन त्याच डॉक्टरांकडे येते. असे दीर्घ नाते फारच थोड्या शाखांच्या वाट्याला येते.

तिसरे कारण व्यापक आहे. बालरोगतज्ज्ञाच्या श्रमांचे फळ समाजाच्या आकड्यांतही दिसते. आपल्या देशात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हती. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२३ साली हा आकडा २५ वर आला. यात लसीकरण, मातांचे शिक्षण, पोषण, रस्ते व पाणी यांचा वाटा मोठा आहे. तरीही आपण या कार्याचा एक भाग आहोत, ही भावना डॉक्टरांना बळ देते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात शिशुविभाग सांभाळताना डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ही पहिली मातृदुग्धपेढी मानली जाते. वॉर्डात बरे करून घरी पाठविलेली बाळे वस्तीतील परिस्थितीमुळे पुन्हा आजारी पडतात, तेव्हा काम वस्तीपर्यंत नेले पाहिजे, या विचारातून १९९९ साली 'स्नेहा' ही संस्था उभी राहिली. कामातील अस्वस्थता नव्या कामाला कशी जन्म देते, याचे हे उदाहरण आहे.

समाधान आणि असमाधान : दोन स्वतंत्र खाती

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली एक सिद्धान्त मांडला. माणसाला कामात समाधान देणाऱ्या गोष्टी आणि असमाधान देणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात, असे त्यांचे म्हणणे. हातून काही चांगले घडणे, त्याची दखल घेतली जाणे, जबाबदारी मिळणे, कामच मनाजोगे असणे, यांतून समाधान येते. पगार, कामाची जागा, वरिष्ठांचे वागणे, नियमांचा जाच यांतून प्रामुख्याने असमाधान येते. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीकाही झाली. तथापि रुग्णालयाच्या बाबतीत त्यातील एक सूत्र उपयोगी पडते : एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यातील तूट भरून काढत नाही.

बालरोगतज्ज्ञांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ पासून तरुण बालरोगतज्ज्ञांच्या दोन गटांचा दीर्घकालीन पाठपुरावा सुरू केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यापैकी ८३ टक्के आपल्या कारकिर्दीबद्दल समाधानी होते. परंतु काम आणि घर यांचा मेळ नीट बसतो, असे म्हणणारे केवळ ४३ टक्के होते. आणि ३० टक्के डॉक्टर त्याच वेळी 'बर्नआउट' अनुभवत होते. म्हणजे एकच व्यक्ती आपल्या व्यवसायावर प्रेम करू शकते आणि त्याच व्यवसायाने थकून रितीही होऊ शकते. 'ते मनापासून काम करतात, त्यांना काही वाटत नाही', असे आपण एखाद्या सेवाभावी डॉक्टरांविषयी म्हणतो, तेव्हा दुसरे खाते तपासावयाचे राहून जाते.

'बर्नआउट' हा शब्द अलीकडे सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याचा अर्थ सांगणे आवश्यक आहे. क्रिस्टिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली त्याच्या मोजमापाची प्रश्नावली तयार केली. तीत तीन लक्षणे आहेत : भावनिक थकवा, समोरच्या माणसाऐवजी केवळ 'केस' दिसू लागणे, आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही अशी भावना. अमेरिकेतील सर्व शाखांच्या डॉक्टरांत यांपैकी किमान एक लक्षण असणाऱ्यांचे प्रमाण २०११ साली सुमारे ४५ टक्के होते. कोविडच्या काळात, २०२१ च्या अखेरीस, ते जवळजवळ ६३ टक्क्यांवर गेले. २०२३ साली ते पुन्हा सुमारे ४५ टक्क्यांवर आले.

रुग्णापर्यंत पोहोचणारा परिणाम

डॉक्टर समाधानी असोत वा नसोत, औषध तर तेच लिहून दिले जाणार, मग रुग्णाला काय फरक पडतो? ही शंका स्वाभाविक आहे.

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांच्या रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. जे डॉक्टर आपल्या कामात समाधानी होते, त्यांचे रुग्ण सांगितलेले पथ्य व उपचार अधिक पाळत, असे त्यात आढळले. समाधानी डॉक्टर अधिक वेळ ऐकून घेतात, समजावून सांगतात आणि त्यामुळे त्यांचा शब्द रुग्ण मनावर घेतो, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. मुलांच्या बाबतीत याचे महत्त्व अधिक, कारण औषध घरी नेऊन देणारी व्यक्ती आई असते. तिला समजले तरच मात्रा वेळेवर पडते.

२००८ सालचा दुसरा अभ्यास अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील मुलांच्या तीन रुग्णालयांतील १२३ निवासी डॉक्टरांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २० टक्के नैराश्याच्या निकषांत बसले आणि सुमारे ७५ टक्के बर्नआउटच्या. नैराश्यग्रस्त डॉक्टरांकडून औषधाच्या चुका इतरांच्या तुलनेत सहापटीहून अधिक झाल्या. मात्र केवळ बर्नआउट असलेल्यांच्या चुका इतरांपेक्षा अधिक आढळल्या नाहीत. म्हणजे केवळ थकलेल्या तरुण डॉक्टरांच्या हातून औषधाच्या चुका वाढल्या नव्हत्या. परंतु जेथे नैराश्य होते, तेथे चुका वाढल्या होत्या. थकव्याच्या पायरीवरच मदत पोहोचणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. निवासी डॉक्टरांचे काम एका वेळी बारा तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे, असे निर्देश केंद्र शासनाने १९९२ सालीच दिले होते. रुग्णालयातील रात्रपाळीचे वास्तव ज्यांनी आपल्या आप्ताच्या खाटेशेजारी बसून पाहिले आहे, त्यांना हे निर्देश आणि व्यवहार यांतील अंतर वेगळे सांगावयास नको.

समाधान कशाने झिजते

पहिले कारण लिखापढीचे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात असे दिसले की रुग्णासमोर घालविलेल्या दर एक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणकावरील नोंदी व टेबलावरील कामात जातात. आपल्याकडे याचे रूप केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, विमा कंपन्यांची मंजुरीपत्रे आणि शासकीय योजनांचे अर्ज असे आहे. ही कामे अनावश्यक नाहीत. रुग्णाच्या हिताची, कायद्याची व हिशेबाची ती गरज आहे. ती डॉक्टरांनीच करावीत काय, एवढाच प्रश्न आहे.

दुसरे कारण भीतीचे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. रुग्णाला दाद मागण्याचा हक्क मिळाला, हे स्वागतार्हच होते. परंतु दाद मागणे आणि हात उगारणे यांत महदंतर आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांच्या घटना वाढल्यामुळे महाराष्ट्र शासनाला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यानुसार अशा हिंसेसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा असूनही मार्च २०१७ मध्ये धुळे येथील मारहाणीनंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सुरक्षिततेच्या मागणीसाठी सामूहिक रजेवर गेले. अत्यवस्थ मुलाला दाखल करून घ्यावे की मोठ्या शहरात पाठवावे, असा निर्णय जेव्हा वैद्यकीय कारणाऐवजी भीतीपोटी होऊ लागतो, तेव्हा नुकसान त्या मुलाचेच होते.

तिसरे कारण दुःखाचे. बालकाचा मृत्यू ही या शाखेतील सर्वांत जड घटना. आईवडिलांना ती बातमी देऊन डॉक्टरांना पुढच्याच मिनिटाला शेजारच्या खाटेकडे वळावे लागते. तेथे दुसरे मूल वाट पाहत असते. शोकासाठी त्यांना सवड नसते आणि त्याविषयी बोलण्याची प्रथाही नसते.

चौथे कारण धर्मादाय रुग्णालयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. उपाय ठाऊक आहे, हात सिद्ध आहेत, मूल बरे होण्याजोगे आहे. परंतु पैशाअभावी उपचार अर्धवट सुटतात. याहून अधिक खचविणारा अनुभव डॉक्टरांना दुसरा नसतो. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. या रोगातील सर्वाधिक आढळणारा प्रकार आज योग्य उपचारांनी मोठ्या प्रमाणात बरा होतो. परंतु उपचार दोन-तीन वर्षे चालतात. खेड्यातून आलेले कुटुंब मुंबईत राहणार कोठे, खाणार काय, बापाची मजुरी बुडाली तर घरच्या इतर मुलांचे काय, या प्रश्नांपुढे अनेक आईवडील उपचार सोडून परत जात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००९ च्या सुमारास सुमारे पाचांपैकी एक मूल असे उपचारांबाहेर जात असे. देणग्यांच्या बळावर औषधे, निवास, अन्न, समाजसेवकांची भेट व पाठपुरावा यांची सांगड घातल्यावर काही वर्षांतच हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांपर्यंत खाली आले. यांत नवे औषध शोधले गेले नाही. तेच डॉक्टर होते आणि तेच ज्ञान. ते ज्ञान मुलापर्यंत पोहोचविण्याचा रस्ता तेवढा मोकळा झाला.

व्यवस्था काय करू शकते

तरुण बालरोगतज्ज्ञांच्या ज्या पाठपुराव्याचा वर उल्लेख केला, त्यात समाधान व बर्नआउट यांच्याशी निगडित असलेल्या गोष्टीही शोधण्यात आल्या. ज्यांची स्वतःची प्रकृती चांगली होती, ज्यांना सहकारी डॉक्टरांचा आधार होता आणि रुग्णसेवेसाठी ज्यांच्याकडे पुरेशी साधने होती, त्यांच्यात समाधान अधिक आणि बर्नआउट कमी आढळला. या तिन्ही गोष्टी बव्हंशी संस्थेच्या हातात असतात.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील अध्यापक-डॉक्टरांचा २००९ सालचा अभ्यास येथे उपयुक्त ठरतो. आपल्याला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामासाठी ज्यांना आपल्या वेळेचा एक पंचमांश भागही मिळत नव्हता, त्यांच्यात बर्नआउट सुमारे ५४ टक्के होता. तेवढा किंवा अधिक वेळ मिळणाऱ्यांत तो सुमारे ३० टक्के होता. एक पंचमांश म्हणजे आठवड्यातील एक दिवस. कोणाला तो दिवस विकासात मागे पडलेल्या मुलांच्या तपासणीसाठी हवा असेल, कोणाला आदिवासी पाड्यावरील शिबिरासाठी, कोणाला परिचारिकांना शिकविण्यासाठी. वेळापत्रक आखताना एवढी सवलत ठेवणे विश्वस्त मंडळाला अशक्य नाही आणि त्याचा खर्चही मोठा नाही.

दुःख वाटून घेण्याचाही एक मार्ग आहे. बोस्टन येथील केनेथ श्वार्ट्झ नावाच्या वकिलांना चाळिशीत फुप्फुसाचा कर्करोग झाला. आजारपणात डॉक्टर-परिचारिकांनी दाखविलेल्या छोट्या छोट्या आपुलकीने आपल्याला मोठा आधार दिला, असे त्यांनी लिहून ठेवले. १९९५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावे स्थापन झालेल्या संस्थेने पुढे रुग्णालयांत एक उपक्रम रुजविला. ठरावीक काळाने तासभर डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी असे सर्वजण एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाच्या निमित्ताने आपल्याला काय वाटले, ते बोलतात. चुका शोधणे हा त्या बैठकीचा उद्देश नसतो. आपल्याकडे अशा बैठकीसाठी एक खोली, चहा आणि वरिष्ठांची उपस्थिती एवढेच लागेल. त्यात मावशी व वॉर्डबॉय यांनाही स्थान असावे. बाळ दगावल्यावर खाट आवरणारे हात त्यांचेच असतात.

देणगीदार व विश्वस्त यांचे स्थान

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. बिलांच्या एकूण रकमेच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या तरतुदीकडे आपण रुग्णाच्या हक्काच्या दृष्टीने पाहतो, आणि तसेच पाहिले पाहिजे. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. निधी शिल्लक असेल तर रात्री दोन वाजता आलेल्या बाळाला कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवताना डॉक्टरांना वडिलांच्या खिशाचा विचार करावा लागत नाही. ते केवळ डॉक्टर राहू शकतात.

देणगी देताना आपला कल साहजिकच यंत्राकडे असतो. यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटी लागते, त्याचे उद्घाटन होते. यंत्रे हवीतच. तथापि वरील विवेचनावरून असे ध्यानात येईल की काही न दिसणाऱ्या देणग्या तितक्याच मोलाच्या असतात. नवजात शिशुविभागात रात्रपाळीला एक अधिक परिचारिका. विमा व योजनांची कागदपत्रे पाहणारा एक लेखनिक. दूरगावच्या आईबापांसाठी निवासाच्या दोन खोल्या. कुटुंबाशी शांतपणे बोलता येईल असा एक बंद दाराचा समुपदेशन कक्ष. एक पूर्णवेळ समाजसेवक. यांतील प्रत्येक गोष्ट डॉक्टरांचा थोडा वेळ मोकळा करते, आणि तो वेळ मुलाला मिळतो.

विश्वस्तांनी वर्षातून एकदा, नावे गुप्त ठेवून, आपल्या डॉक्टरांना व परिचारिकांना तीन प्रश्न विचारावेत, असेही येथे सुचवावेसे वाटते : रुग्णासाठी करावयाची कोणती गोष्ट या वर्षी आपणांस करता आली नाही? आपला वेळ कशात वाया जातो? संस्था सोडून जाण्याचा विचार मनात आला असल्यास तो कशामुळे? अनुभवी डॉक्टर निघून गेल्यावर निरोपाच्या समारंभात कारणे समजून काही उपयोग नसतो. त्यांच्याबरोबर त्या परिसरातील शेकडो मुलांच्या प्रकृतीचा वर्षानुवर्षांचा परिचयही निघून गेलेला असतो.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

आपले मूल आजारी असताना डॉक्टरांच्या समाधानाचा विचार करा, असे कोणत्याही आईवडिलांना सांगणे योग्य होणार नाही. त्या वेळी आपल्याला उत्तर हवे असते आणि ते मिळण्याचा आपला हक्क आहे. तथापि काही साध्या गोष्टींनी उत्तर मिळणेच सुलभ होते. कुटुंबातर्फे डॉक्टरांशी बोलण्यासाठी शक्यतो एकच व्यक्ती ठरवावी आणि तिने इतरांना सांगावे. मनात आलेले प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत आणि राउंडच्या वेळी ते विचारावेत. पूर्वीचे कागद, लसीकरणाचे कार्ड व चालू औषधे बरोबर आणावीत. न समजलेली गोष्ट पुन्हा विचारण्यात कमीपणा मानू नये. उपचारांविषयी शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत मागावे. तो आपला अधिकार आहे आणि जाणते डॉक्टर त्याचा राग मानीत नाहीत. तक्रार असल्यास ती लेखी द्यावी आणि लेखी उत्तर मागावे.

आणि आणखी एक. मूल बरे होऊन घरी गेल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी लसीच्या निमित्ताने किंवा सहज त्याला घेऊन यावे. अतिदक्षता विभागातील डॉक्टर व सिस्टर यांना मूल बहुधा नळ्या-वायरींच्या वेढ्यातच दिसलेले असते. ते चालताना, बोलताना, खोड्या करताना त्यांना क्वचितच पाहावयास मिळते. समाधानाचे एक मोठे कारण हेच आहे : आरंभिलेले काम सिद्धीस गेलेले पाहणे.

उपसंहार

सेवावृत्ती ही डॉक्टर स्वतःबरोबर घेऊन येतात. ती टिकून राहील की झिजेल, हे मात्र संस्था ठरविते. बालरोगतज्ज्ञ कमी उत्पन्नातही समाधानी असतात, या निष्कर्षाचा अर्थ त्यांना कमी दिले तरी चालते, असा कोणी काढू नये. त्यांना पुरेसा वेळ, पुरेसे हात, निर्भय वातावरण आणि गरीब मुलाचे उपचार पूर्ण करण्याची साधने मिळाली, तर ते दीर्घकाळ व उत्तम सेवा देतात, असा त्याचा अर्थ आहे. ही साधने पुरविणे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्या हाती आहे. आपण सर्व सुहृदांनी पुढील वर्षाचा संकल्प करताना यंत्रसामग्रीच्या यादीशेजारी या गोष्टींनाही स्थान द्यावे, ही नम्र विनंती.